लिनक्सवर यूएसबी साउंड कार्ड: आवाज येत नाही, तुटतो, मध्येच जातो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान बाहेरून जोडायच्या सगळ्या यूएसबी साउंड कार्डांसाठी आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत मिळणारा बोटाएवढा डोंगल असो, नाहीतर माइक-गिटार जोडायचा मोठा ऑडिओ इंटरफेस, लिनक्सच्या लेखी दोघांची जात एकच आणि दुखणीही बरीचशी तीच.

टर्मिनलच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

नवीन कार्ड आणलं. लिनक्ससाठी ड्रायव्हर कुठून उतरवायचा?

कुठूनच नाही. यूएसबीवरून आवाज कसा न्यायचा याचं एक प्रमाण आहे, यूएसबी ऑडिओ क्लास. पहिली आवृत्ती १९९८ची, दुसरी २००६ची. हे प्रमाण पाळणारं कोणतंही कार्ड कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ‘एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’ हा एकच ड्रायव्हर चालवतो आणि तो बहुतेक सगळ्या डेस्कटॉप वितरणांत (उबंटू, फेडोरा वगैरे) आधीपासून असतो. खोक्यातली सीडी विंडोजसाठी असते. इंटरनेटवर कुणी ‘लिनक्स ड्रायव्हर’ म्हणून झिप फाइल देत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

काही कार्डं प्रमाण सोडून स्वतःचीच भाषा बोलतात, त्यांचा भरवसा नाही. घेण्याआधी माहितीपत्रकात ‘क्लास कम्प्लायंट’ हे शब्द शोधा. ते नसतील तर कार्ड आयपॅडवर ड्रायव्हरशिवाय चालतं का ते बघा. तिथे चालत असेल तर लिनक्सवर सहसा चालतंच, कारण दोन्हीकडे आधार याच प्रमाणाचा आहे.

आवाजच येत नाही. सुरुवात कुठून करू?

खालून. बहुतेक जण वरून सुरुवात करतात: ब्राउझर बदलतात, व्हीएलसी पुन्हा टाकतात, शेवटी अख्खी सिस्टीम फॉरमॅट करतात आणि आवाज तरीही येत नाही.

आवाजाच्या वाटेवर चार टप्पे आहेत. पहिला, यूएसबी जोडणी. दुसरा, कर्नलमधला ड्रायव्हर आणि त्याची अल्सा ही यंत्रणा. तिसरा, साउंड सर्व्हर, म्हणजे पाइपवायर किंवा पल्सऑडिओ. हा सगळ्या प्रोग्रामचा आवाज एकत्र करून कोणत्या कार्डाला द्यायचा ते ठरवतो. चौथा, तुमचा प्रोग्राम. आवाज कोणत्या टप्प्यावर अडतो ते कळलं की काम निम्मं झालं, आणि ते कळायला तीन आज्ञा पुरतात.

‘एलएसयूएसबी’: जोडलेल्या सगळ्या यूएसबी वस्तूंची यादी देते. कार्ड इथे दिसलं की पहिला टप्पा पार.

‘एप्ले -एल’: अल्साला ठाऊक असलेली आवाज काढणारी कार्डं. माइकच्या बाजूसाठी ‘एरेकॉर्ड -एल’.

‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’: पाइपवायरला काय दिसतं ते. जुन्या पल्सऑडिओवर ‘पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सिंक्स’.

याशिवाय ‘सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू’ (‘सुडो’ लावलं की आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालते) चालू ठेवून कार्ड काढा आणि पुन्हा लावा. कर्नल काय म्हणतो ते डोळ्यांसमोर ओळीओळीने उमटतं. साधा डोंगल असेल तर ‘न्यू यूएसबी डिव्हाइस फाउंड’ आणि पुढे ‘आयडी-व्हेंडर = ०डी८सी’ अशी ओळ येईल. ०डी८सी हा सी-मीडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक. वेष्टनावर नाव कुणाचंही असो, बाजारातल्या पुष्कळ स्वस्त डोंगलांत चिप याच कंपनीची निघते.

‘एलएसयूएसबी’मध्ये कार्ड दिसतच नाही.

मग लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही, केबल आणि पोर्टाकडे वळा. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या कित्येक केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. खात्री करायची तर त्याच केबलने फोन जोडून फोटो दिसतात का ते बघा. मध्ये हब असेल तर तो काढून कार्ड थेट लावा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनेलऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा.

‘डीएमईएसजी’मध्ये ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ आणि शेवटी ‘एरर -७१’ दिसलं तर तारेतल्या संवादातच गडबड आहे. ‘-११०’ म्हणजे कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही. दोन्हींत संशय आधी केबलवर, मग पोर्टवर आणि मग वीजपुरवठ्यावर. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. त्यावर हार्ड डिस्क आणि ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकला त्याच्या केबलमधूनच दिलेली वीज) देणारा इंटरफेस दोन्ही लावले की एखादं मान टाकतं. स्वतंत्र वीज घेणारा हब हा त्यावरचा साधा उपाय.

‘एलएसयूएसबी’मध्ये आहे, पण ‘एप्ले -एल’मध्ये नाही.

‘सुडो मॉडप्रोब एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’ चालवून बघा. मॉड्यूल (कर्नलचा सुटा भाग, इथे ड्रायव्हर) सापडलं नाही असा संदेश आला तर बहुधा कर्नल अपडेट झालाय आणि मशीन रीस्टार्ट झालेलं नाही. आर्च लिनक्सवर हे नेहमीचं: चालू असलेल्या जुन्या कर्नलची मॉड्यूल्स डिस्कवरून निघून गेलेली असतात. रीस्टार्ट करा.

‘सुडो’ लावून ‘एप्ले -एल’ चालवल्यावरच कार्ड दिसत असेल तर प्रश्न परवानगीचा आहे. समोर बसून लॉगिन केलं की ही परवानगी आपोआप मिळते. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने, आत आलात, किंवा मॉनिटर नसलेल्या रास्पबेरी पायवर काम करताय, तर मिळत नाही. तेव्हा ‘सुडो यूजरमॉड -एजी ऑडिओ’ आणि पुढे आपलं यूजरनेम (यातला ‘जी’ मोठा), मग लॉगआउट करून परत लॉगिन.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे दुसऱ्या सिस्टीमच्या आत, लिनक्स चालवत असाल तर यूएसबी उपकरण मेन्यूतून पाहुण्या सिस्टीमला जोडून द्यावं लागतं.

फोकसराइट स्कार्लेटची एक वेगळीच तऱ्हा. तिसऱ्या पिढीचा नवा कोरा इंटरफेस पहिल्यांदा जोडला की आपण पेन ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतो, नोंदणीच्या पानाचा दुवा दाखवायला. ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून इंटरफेस चालू केला की हे सोंग उतरतं. नंतर एकदा बंद करून चालू करा.

कार्ड यादीत आहे, पण आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधूनच येतो.

कार्डात बिघाड नाही, साउंड सर्व्हरने दुसरं कार्ड निवडलंय. सेटिंग्जमध्ये साउंड, तिथे आउटपुट, आणि यूएसबी कार्ड निवडा. टर्मिनलच जवळचं वाटत असेल तर ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’मध्ये सिंक्स (आवाज बाहेर काढणारी उपकरणं) या शीर्षकाखाली कार्डासमोरचा आकडा बघा आणि ‘डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट’ लिहून पुढे तो द्या. चालू निवडीपुढे तारा असतो. आकडा दर वेळी बदलू शकतो, म्हणून तो स्क्रिप्टमध्ये घालू नका. निवड मात्र कार्डाच्या नावाने लक्षात राहते.

एवढं करूनही आधीच चालू असलेलं गाणं जुन्याच स्पीकरवर राहिलं, तर ‘पॅव्हूकंट्रोल’ हा छोटा प्रोग्राम टाकून घ्या. त्याच्या प्लेबॅक टॅबमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा आवाज कुठे जातोय ते दिसतं आणि तिथल्या तिथे बदलता येतं. शेवटचा कॉन्फिगरेशन टॅबही उघडा: कार्डाचं प्रोफाइल ‘ऑफ’ असेल तर बाकी सगळं ठीक असूनही ते आउटपुटच्या यादीत येत नाही. याच टॅबमध्ये मॉनिटरचं एचडीएमआय बंद करून टाकलं की मॉनिटर जोडल्यावर आवाज तिकडे पळून जाण्याची कटकट कायमची संपते.

माझ्याकडे पाइपवायर आहे की पल्सऑडिओ?

‘पीएसीटीएल इन्फो’ चालवा आणि ‘सर्व्हर नेम’ची ओळ वाचा. ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर)’ असं असेल तर पाइपवायरच. फेडोराने ते ३४व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२१ला, उबंटूने २२.१०पासून आणि लिनक्स मिंटने २२पासून मुख्य केलं. इंटरनेटवरचा २०२१च्या आधीचा सल्ला सरसकट पल्सऑडिओ गृहीत धरतो. ‘पल्सऑडिओ काढून परत टाका’ असं कुठे वाचलंत तर आज ते करू नका, पाइपवायरवर त्याने असलेला आवाजही जाण्याची शक्यता जास्त.

सर्व्हर अडकलाच असेल तर रीस्टार्ट एवढा: ‘सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर’. याला ‘सुडो’ लावायचं नाही.

सेटिंग्जमध्ये आवाज पूर्ण आहे, तरी हेडफोनमध्ये अगदी बारीक येतो.

‘अल्सामिक्सर’ उघडा. सुरुवातीला एकच उभी पट्टी दिसेल, ती साउंड सर्व्हरची. एफ६ दाबून यादीतून यूएसबी कार्ड निवडा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या पट्ट्या दिसतील. पट्टीखाली ‘एमएम’ असेल तर ती मुकी आहे. एम दाबा, ‘ओओ’ होईल. बाणाने पट्टी वर न्या. पुढच्या वेळीही तसंच राहावं म्हणून ‘सुडो अल्साक्टल स्टोअर’.

मोठ्या इंटरफेसांवर बहुधा ही पट्टीच नसते, आवाज पुढच्या गोल बटणावरच असतो. तिथे अल्सामिक्सर रिकामं दिसलं तर घाबरू नका.

माइक चालत नाही.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर दर वेळी निराळं.

डोंगलला दोन छिद्रं असतील, हिरवं हेडफोनचं आणि गुलाबी माइकचं, आणि तुमचा हेडसेट मोबाइलचा एकाच पिनचा असेल, तर माइक जोडलाच गेलेला नाही. एका पिनवर तीन काळ्या रेघा म्हणजे आवाज आणि माइक एकाच पिनेत. त्याला दोन शेपट्यांचा स्प्लिटर लागतो.

जोडणी बरोबर असेल तर साउंड सर्व्हर बाजूला ठेवून थेट कार्डावरून पाच सेकंद ध्वनिमुद्रण करा: ‘एरेकॉर्ड -डी पीएलयूजीएचडब्ल्यू:कार्ड=डिव्हाइस -एफ एस१६_एलई -आर ४८००० -सी १ -डी ५ चाचणी.डब्ल्यूएव्ही’. यातला पहिला ‘डी’ मोठा आणि दुसरा छोटा. ‘कार्ड’ आणि ‘एस१६_एलई’ पूर्ण मोठ्या अक्षरांत, आणि ‘डिव्हाइस’चं फक्त पहिलं अक्षर मोठं. ‘डिव्हाइस’च्या जागी तुमच्या कार्डाचं लघुनाव येईल, ते ‘एरेकॉर्ड -एल’मध्ये ‘कार्ड १:’च्या लगेच पुढे असतं. ‘पीएलयूजी’ गाळून नुसतं ‘एचडब्ल्यू’ लिहिलंत आणि दोन चॅनल मागितलेत, तर ‘चॅनल्स काउंट नॉन अव्हेलेबल’ असा संदेश येईल. डोंगलांचा माइक बहुधा मोनो असतो, दुसरा चॅनल ते आणणार कुठून? ‘पीएलयूजी’ लावलं की हे रूपांतर अल्सा करून देते.

मुद्रण झालं पण आत शांतता असेल तर अल्सामिक्सरमध्ये एफ४ दाबून कॅप्चरची बाजू बघा. माइकच्या पट्टीखाली लाल ‘कॅप्चर’ हा शब्द नसेल तर स्पेसबार दाबा.

सी-मीडियाच्या डोंगलांत आणखी दोन बारीक गोष्टी असतात. एक, ‘ऑटो गेन कंट्रोल’ नावाचं बटण. ते चालू असलं की तुम्ही बोलायचं थांबलात की डोंगल स्वतःच माइक चढवतो आणि पंख्याची घरघर, शेजारच्यांचा मिक्सर, सगळं वर येतं. ऑनलाइन मीटिंगला चालून जाईल, पण गाणं किंवा पेटी मुद्रित करताना ते आधी बंद करा. नाहीतर हळू घेतलेला स्वर आणि मोकळ्या आवाजातली तान दोन्ही एकाच जोराने ऐकू येतात. दोन, माइकची एक पट्टी प्लेबॅकच्या बाजूलाही असते. तिच्यामुळे स्वतःचाच आवाज कानात येतो. नको असेल तर एम दाबून मुकी करा, मुद्रणावर परिणाम होत नाही.

स्टेजवरचा जाड केबलचा डायनॅमिक माइक कनव्हर्टर पिन लावून डोंगलला जोडला तर आवाज मुंगीएवढाच येणार. त्या माइकचा सिग्नल फार अशक्त असतो आणि डोंगलमध्ये तेवढी ताकद नसते. तिथे प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) असलेला इंटरफेसच हवा. कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू आहे ना ते बघा.

मुद्रण फक्त डाव्या कानात येतं.

बिघाड नाही. दोन इनपुटच्या इंटरफेसला लिनक्स एक स्टिरिओ इनपुट समजतो: पहिलं छिद्र डावं, दुसरं उजवं. माइक पहिल्यात लावलात, म्हणून डावीकडे. ऑडॅसिटी किंवा आर्डर या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये मोनो ट्रॅक घ्या. मीटिंगमध्ये हाच त्रास असेल तर पॅव्हूकंट्रोलच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये मोनो इनपुटचं प्रोफाइल आहे का ते बघा. नसेल तर ‘प्रो ऑडिओ’ निवडा, त्यात इनपुट सुटे मिळतात आणि हवं ते कुठेही जोडता येतं.

आवाज तुटतो, कडकड येते.

‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवा आणि ‘ईआरआर’ या रकान्यावर नजर ठेवा. कडकडीबरोबर तिथला आकडा वाढत असेल तर संगणक वेळेत आवाज पोहोचवू शकत नाहीये. पाइपवायर आवाज तुकड्यांनी पाठवतं. नेहमीचा तुकडा १,०२४ नमुन्यांचा, म्हणजे ४८,००० हर्ट्झला साधारण २१ मिलिसेकंदांचा. एखादा प्रोग्राम फार छोटा तुकडा मागतो आणि जुना लॅपटॉप धापा टाकू लागतो. तुकडा मोठा करून बघा: ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८’. फरक पडला तर कारण सापडलं. शेवटी २०४८च्या जागी ० दिलं की सक्ती उठते.

उलट दिशेने, गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर २५६ किंवा १२८ देऊन बघा. पण इंटरफेसला ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर या भानगडीत न पडता तेच दाबा. त्यात आवाज संगणकात न जाता थेट कानाशी येतो.

‘ईआरआर’ स्थिर आहे आणि तरी कडकड आहे? मग यूएसबीकडे बघा. एकाच हबवर वेबकॅम आणि कार्ड असतील तर वेगळे करा. ‘डीएमईएसजी’मध्ये ‘-२८’ दिसलं तर त्या बसवर बँडविड्थ उरलेली नाही.

दर वेळी पहिलं अक्षर खाल्लं जातं. ‘नमस्कार’चं ‘मस्कार’ ऐकू येतं.

पाच सेकंद काही वाजलं नाही की साउंड सर्व्हर कार्डाला झोपवतो आणि काही कार्डांना उठायला वेळ लागतो. उठताना ‘टक्’ असा आवाजही येतो. वायरप्लंबर या पाइपवायरच्या कार्डं सांभाळणाऱ्या जोडीदाराच्या सेटिंगमध्ये त्या कार्डासाठी ‘सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स’ची किंमत ० करा. ०.५ आवृत्तीपासून या सेटिंग साध्या कॉन्फ फाइलमध्ये असतात, त्याआधी लुआ या प्रोग्रामिंग भाषेत होत्या. म्हणून जुना नमुना जसाच्या तसा चिकटवलात तर चालणार नाही.

कार्ड काही मिनिटांनी पूर्णच नाहीसं होत असेल तर गोष्ट वेगळी. वीज वाचवण्यासाठी ‘पॉवरटॉप’चं ऑटो-ट्यून लावलंय का ते आठवा. ते यूएसबी उपकरणांना झोपवतं. टीएलपी हे वीज वाचवणारं दुसरं साधन ऑडिओ उपकरणांना वगळू शकतं, त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘यूएसबी एक्सक्लूड ऑडिओ’ १ आहे ना ते पाहा.

सतत बारीक गुणगुण येते.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर कारण विजेत आहे, लिनक्समध्ये नाही. आपल्याकडे जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं आणि लॅपटॉप, अँप्लिफायर, मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटांवर असले की ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरते. सगळं एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणं हा उपाय नाही, त्यात जिवाला धोका आहे.

रीस्टार्ट केलं की कार्डाचा क्रमांक बदलतो.

बदलणारच, क्रमांक सापडण्याच्या क्रमाने मिळतो. सेटिंगमध्ये ‘एचडब्ल्यू:१’ न लिहिता वर दिल्याप्रमाणे लघुनाव लिहा. एकाच जातीचे दोन डोंगल असतील तर नावं ‘डिव्हाइस’ आणि ‘डिव्हाइस_१’ अशी पडतात आणि त्यांतही अदलाबदल होऊ शकते. तेव्हा यूडेव्ह या उपकरणं ओळखणाऱ्या यंत्रणेचा नियम लिहून पोर्टानुसार नाव द्यावं लागतं.

‘डीएमईएसजी’मध्ये ‘कॅनॉट गेट फ्रीक ॲट ईपी’ दिसतंय.

आवाज येतोय ना? मग सोडून द्या. आपला सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) सांगणं काही कार्डांना जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ऑडॅसिटीला कार्ड दिसत नाही किंवा ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ येतं.

ऑडॅसिटी सुरू झाल्यानंतर कार्ड लावलं असेल तर ट्रान्सपोर्ट मेन्यूतून ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस’. ‘बिझी’ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी कार्ड धरून ठेवलंय. ‘फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*’ त्याचं नाव सांगेल. बहुतेक वेळा मीटिंगचा विसरलेला टॅब निघतो.

नवं घ्यायचं तर कोणतं घेऊ?

मीटिंग आणि शिकवणीसाठी सी-मीडियाचा साधा डोंगल पुरतो, १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ बोलण्याला भरपूर आहे. गाणं-वादन मुद्रित करायचं तर क्लास कम्प्लायंट इंटरफेस घ्या, ज्याचे गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते), फँटम आणि डायरेक्ट मॉनिटर हे तिन्ही हाताने फिरवायच्या-दाबायच्या बटणांवर आहेत. ही बटणं फक्त विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये असलेला इंटरफेस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीला जादा पैसे मोजण्यापेक्षा तेवढ्यात चांगला माइक-स्टँड येतो.